मस्टरवर शंकरमामा

२ फेब्रुवारी २००९, सिंदेवाही

आज कामावर, कॉम्प्युटर सेंटरवर, गंमत झाली. एक साहेब रोजगार हमीची सरकारी साइट उघडून प्रिंटा काढून गेले. ते गेल्यावर मी तीच साइट पुन्हा उघडली. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, एकेक निवडत गेली. नेट असं चालत होतं की बैलगाडी बरी. पण उघडलं एकदाचं. आमचं गाव! तलावातला गाळ काढायचं काम, मंजूर किती, खर्च किती, आणि खाली मस्टर, म्हणजे कामावर कोण कोण होतं त्यांची नावं. इंग्रजीत. शेवंता दौलत. माझी आई!

मी ओरडलीच. मालक राऊतभाऊ धावत आले, त्यांना वाटलं करंट लागला.

"काय झालं वं?"

"भाऊ, माही आई नेटवर आहे!"

"मंग हात जोड तिले, अन् तिकडे पाह्य, गिऱ्हाईक उभं आहे झेरॉक्सले."

पण मला दिवसभर भारी वाटत राहिलं. दिल्लीत बसलेल्या माणसालाही दिसते माझ्या आईनं किती दिवस माती उचलली ते. आता कोणी लपवून दाखवा म्हणावं.

८ फेब्रु., रविवार. गावी

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"तिथी नाव आहे तं मजुरी लवकर येते काय?"

"नाही."

"मंग?"

मग काय, मग काही नाही. हिला सांगण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी बंडू आला, उद्या कामावर कोण येणार ते विचारत. गावचा ग्रामरोजगार सेवक. बारावी पास, तोही दुसऱ्या खेपेला. त्या जागेसाठी गावातून दोन अर्ज होते, त्याचा आणि माझा. मी बी.ए., एमएस-सीआयटी, टायपिंग दोन्ही. ग्रामसभेनं हात वर करून बंडूला निवडलं. म्हणे, पोट्टी लग्न करून जाईल, बंड्या गावातच राहील. आईनं कोणासाठी हात वर केला होता, ते मी अजून विचारलं नाही. विचारणारही नाही.

जाता जाता म्हणतो, "काय म्याडम, शहर मानवलं काय?"

सिंदेवाहीला शहर म्हणतो टोमणा मारायला. तोंड पाहा.

१८ फेब्रु.

सापडला!!

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तलावाचं मस्टर नीट वाचत बसली. आईच्या खाली तीन नावं सोडून शंकरमामा. गेल्या आठवड्यात पूर्ण हजर. त्याच्या आधीच्या आठवड्यातही पूर्ण हजर. कामाचा प्रकार, माती खोदणे.

शंकरमामा! आमच्या बाजूच्या घरचे. दोन वर्षांपूर्वी मोहफुलं वेचायला गेले आणि अस्वलानं धरलं. एक डोळा गेला, उजवा हात खांद्यापासून मेला. जेवतात डाव्या हातानं, लुंगी बांधून देते मामी. हे माती खोदतात?

म्हणजे बंडूनं नाव घुसवलं. पोस्टातून पैसे निघाले की मामांच्या हातावर थोडे ठेवत असेल, बाकीचे स्वतःच्या खिशात. नवीन गाडी काय उगीच आली? ग्रामसभेनं निवडलेला माणूस. वा रे ग्रामसभा. मी जागेवरच टाळी वाजवली, आनंदानं. लिहून ठेवते, आनंदानंच.

१९ फेब्रु.

तक्रार टाकली. त्याच साइटवर कोपऱ्यात सोय आहे. आधी लिहिताना दोनदा नेट गेलं. तिसऱ्यांदा गेली. तक्रारदाराचं नाव हवं म्हणतं, तर टाकलं पूर्ण, भिते काय मी. "अपंग व्यक्तीच्या नावे खोटी हजेरी लावून शासनाच्या पैशाची लूट." चांगलं वाक्य जमलं. दाबल्याबरोबर तक्रार क्रमांक आला. राऊतभाऊंना समोसा खाऊ घातला. "कशाचा?" म्हणाले. म्हटलं, असाच.

८ मार्च, रविवार. गावी

तलावावर चक्कर मारली. काम जोरात. बाया टोपली घेऊन रांगेत, आई मधे. शंकरमामा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, झाडाखाली बसलेले, लुगड्याच्या झोळीत कोणाचं तरी लेकरू, मामा डाव्या हातानं झोका देऊन राहिले. आणखी दोन-तीन पोरं त्यांच्या भोवती मातीत.

"वैशू, चष्मा लागला काय वं तुले?"

"हो मामा, कॉम्प्युटरनं."

"जप बाई डोळ्याले. एकच राह्यला की समजते."

हसले. मी नाही हसली. मनात आलं, म्हणजे यांनाही माहीत आहे. येऊन बसतात, म्हणजे बंडूच्या नाटकात सामील आहेत. शी, म्हातारपणी काय ही लबाडी.

(असं मी त्या दिवशी लिहिलं. खोडणार नाही. राहू दे तिथंच, माझ्या डोळ्यासमोर.)

१९ मार्च

आईचा फोन, बंडूच्याच मोबाइलवरून. काल जीप आली होती म्हणे. चौकशी. "कोणं तरी तक्रार केली वं. तू रविवारी ये." आवाज बसलेला होता. मागून बंडू म्हणाला, बाई, बॅलन्स संपून राह्यला.

मी "अरे बापरे" म्हटलं. किती सहज निघालं तोंडातून.

२२ मार्च, रविवार. गावी

लिहिते. आईनं जसं सांगितलं तसं.

साहेबानं सगळ्यांना तलावात उभं केलं. एकेकाचं नाव घेतलं. शंकरमामांचं नाव आलं तसे ते झाडाखालून उठून आले. साहेब म्हणाला, हात वर करा. मामांनी डावा केला. साहेब म्हणाला, उजवा. तर मामांनी डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं आणि वर उचलून दाखवला. "झाला ना जी वर," म्हणाले.

कोणी हसलं नाही म्हणे.

मग साहेबानं कुदळ दिली. चालवा म्हणाला. मामा एका हातानं चालवायला गेले, कुदळ पायाजवळ पडली. मामी मधे धावली. साहेबानं लिहून घेतलं, "काम न करता मजुरी." डावा अंगठा घेतला.

मी म्हटलं, "पण आई, खरं तर ते काम करतच नव्हते ना. नाव काऊन लावलं मग?"

आई माझ्याकडे पाहतच राहिली. "तू कोणत्या गावची वं? मजुरी मापानं येते ना. खड्डा जेवढा, पैसे तेवढे. तेच टोळीत वाटून जाते. शंकरभाऊचं नाव टाकलं म्हून सरकारचा एक रुपया जास्त नाई गेला. आमी आमच्या वाट्यातलं देल्लं. सगळ्याईनं मिळून ठरवलं, इथंच, पाळीवर बसून. त्यायचा खड्डा आमी खोदत होतो."

मला माहीत नव्हतं असं नाही. हेच लिहायचं आहे. दहावीच्या सुट्टीत मी याच टोळीत टोपली वाहिली. इंजिनिअर खड्डा मोजायला आला तेव्हा टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. खड्डा मोजतात, माणसं नाही, हे मला माहीत होतं! पण स्क्रीनवर नावं होती, खड्डा नव्हता. आणि मला खड्डा आठवायचाच नव्हता, मला बंडू हवा होता.

पुढचं तर अजून. "बंड्या नाईच म्हणे नाव टाकाले," आई म्हणाली. "तीन दिवस त्याच्या मांगं लागली मी. म्हणे, बाई, आता सारं नेटवर जाते, कोणी पाहीन. मी म्हटलं, अबे, तिथी कोण पाह्यते?"

मी भाताचं ताट सरकवलं. "कायले मन मारतं," आई म्हणाली आणि आणखी वाढला.

२३ मार्च

सेंटरवर आल्या आल्या साइट उघडली. तक्रार मागे घ्यायचं बटण शोधलं. सगळी पानं उघडून पाहिली. तक्रार नोंदवा आहे, तक्रारीची स्थिती पाहा आहे. मागे घ्या कुठंच नाही.

स्थिती पाहा मध्ये क्रमांक टाकला. "चौकशी सुरू." आणि वर, ठळक, तक्रारदाराचं नाव. वैशाली दौलत, खाली गावाचं नाव. कोणीही क्रमांक टाकला की दिसते. तेव्हा मला हे फार आवडलं होतं, काहीच लपत नाही म्हणून.

३१ मार्च

हुकूम आला. काम बंद. सगळ्या टोळीची दोन आठवड्यांची मजुरी अडकली, आईचीही. बंडूला काढलं. मामांना वसुलीची नोटीस, घेतलेली मजुरी परत भरा.

मी साधी एक तक्रार टाकली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. शेण खाल्लं मी.

५ एप्रिल, रविवार. गावी

पहाटे बाजूच्या घरचं कवाड वाजलं म्हणून बाहेर आली. मामी टोपली घेऊन निघालेली. मोहफुलांचा हंगाम. आणि तिच्या मागं मामा, डोक्याला दुपट्टा, डाव्या हातात काठी.

"मामा, तुम्ही कुठी?"

"वेचाले. एका हातानंबी वेचता येते वं फुलं."

अस्वलानंतर जंगलाच्या नावानं हा माणूस दचकून उठायचा. मामी म्हणायची, जंगल आमच्यासाठी संपलं आता. आज तिनं अडवलं नाही. कशी अडवणार. मी आत आली आणि चुलीपुढे बसून राहिली. आई म्हणाली, धूर गेला काय डोळ्यात?

दुपारी परत आले, सुखरूप. टोपलीत फुलं थोडी. मामा ओट्यावर बसून घाम पुसत होते. आईनं गुळाचं पाणी नेऊन दिलं. मी नेलं नाही. मला जायचं धैर्य झालं नाही.

१४ एप्रिल. गावी

जयंती. सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक, मग भाषणं. सरपंचबाई बोलायला उभ्या राहिल्या. शिक्षणावर बोलता बोलता माझ्यावर आल्या. "आपली वैशाली पाहा. कॉम्प्युटर चालवते. गावाचं काम कोणं बंद पाडलं ते आमाले मालूम नाई, पण ऑफिसच्या कागदावर तक्रारीचा नंबर आहे. हा नंबर नेटवर टाकला का नाव निंगते म्हणे. वैशू, तू शोधून दे बाई. येत्या ग्रामसभेत सांग."

टाळ्या वाजल्या. मला पुढं बोलावून चिठ्ठी हातात दिली. तो नंबर मला पाठ आहे.

"बघते," म्हटलं मी. माईकमध्ये. सगळ्या गावात ऐकू गेलं.

आईची मान अशी वर. खीर वाढताना शेजारणीला सांगत होती, माही पोट्टी काढते आता हुडकून. बाबासाहेबांच्या फोटोकडे मी आज एकदाही वर पाहिलं नाही. शिकली मी, त्याचं हे केलं.

२१ एप्रिल

इलेक्शन आटोपलं. बंडू आला सेंटरवर. काम गेलं तर आता ट्रॅक्टरवर जातो, केसात भुसा. गाडी हप्त्याची होती, ती देऊन टाकली म्हणे. एसटीनं आला.

"टाक ना तो नंबर."

मी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "नेट बंद आहे."

बाजूच्या मशीनवर एक मुलगा नोकरीचा फॉर्म भरत होता, पानं खटाखट उघडत होती. बं. तिकडे बघत होता. मग माझ्याकडे बघितलं.

"बरं. कधी येऊ मंग?"

"सांगते."

पाणी मागितलं, पिऊन गेला. एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडून तरी मोकळी झाली असती.

३ मे, रविवार. गावी

तलावाचं पाणी आटलं की दरवर्षी ढिवरभाऊ जाळं टाकतात. गाळ काढणाऱ्या टोळीतल्या प्रत्येक घरी मासोळीचा हिस्सा जातो, जो आजारी असेल त्याच्याही घरी. आज हिस्से पडले. तुळशीरामभाऊंच्या घरी गेला नाही.

का? तर तक्रार त्यांनीच केली असं गावानं ठरवलं. गेल्या वर्षी मापावरून ते टोळीशी भांडले होते, तेवढं पुरलं. त्यांची बायको पातेलं घेऊन पाळीवर उभी होती, सगळे उठेपर्यंत. मग तसंच रिकामं पातेलं घेऊन घरी गेली. हिस्से लावायला माझी आईही होती.

मी आईला म्हटलं, "त्यांनी नसेल केली."

"तुले काय माहीत? दिसलं काय नेटवर?"

"नाही."

"मंग चूप बस."

बसली चूप. मासोळ्या रस्सा करून वाढल्या आईनं. मी खाल्ल्या. खाल्ल्या, काय लपवू.

१३ मे

अर्धी सुट्टी काढून तालुक्याच्या ऑफिसात गेली. मस्टरच्या टेबलावर एक वयस्क बाबू. विचारलं, आमच्या तलावावरची तक्रार गैरसमजातून झाली असेल तर काम पुन्हा सुरू होते का?

"होते. मोजमाप बरोबर आहे, ते इंजिनिअरनं लिहून देल्लं. अडलं ते तक्रारीवर. तक्रारदारानं ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगायचं, चूक झाली. सभेच्या ठरावात ते यायला पाहिजे. मग साहेब मजुरी सोडतात."

"वसुली?"

"तीबी. म्हाताऱ्याले पाणी पाजाच्या, लेकरं सांभाळाच्या कामावर दाखवलं असतं तं झालंच नसतं हे. पण पह्यले तक्रारदार पाहिजे. कोण आहे?"

"मैत्रीण आहे माझी."

बाबू माझ्याकडे चष्म्यावरून पाहत राहिला. "मैत्रिणीले म्हणा, पाऊस पडला का तलाव भरते. मंग पुढच्या साली."

बाहेर आली तेव्हा पायात एक चप्पल, दुसरी हातात. चपलेचा अंगठा कधी तुटला कळलंच नाही.

१७ मे, रविवार. गावी

आज आईला सांगायचं ठरवून आली होती. बसमध्ये वाक्यं जुळवली. आई, ऐक. आई, रागावू नको. आई, ती तक्रार...

घरी आली तर मामा-मामी आमच्याच अंगणात. तेंदुपत्त्याची पुडकी बांधून राहिले. मामा एक टोक दातात धरून दुसरं डाव्या हातानं ओढत होते. आई मदतीला. मलाही बसवलं. मामा मला शिकवत होते गाठ कशी मारायची.

"वाघ-अस्वलाचं भेव नाई वाटत, मामा?"

"वाट्टे ना. पण त्या साहेबापुढं हात वर केला ना वं, त्यादिवशी जे वाटलं, ते अस्वलाच्या वेळीबी नाई वाटलं."

आई म्हणाली, "जो कोण असन त्याच्या तोंडात शेण घालतो मी. ग्रामसभेत. सगळ्याईसमोर."

"जाऊ दे शेवंता," मामा म्हणाले. "असन कोणी नवीन."

गाठ माझ्याच्यानं सारखी सुटत होती. सांगितलं नाही. परत बसमध्ये बसली आणि तीच वाक्यं पुन्हा जुळवत आली. आमच्या घरात सगळ्यात जास्त शिकलेली मी, आणि सगळ्यात भित्री मी.

२६ मे

आज मी काय केलं ते लिहू की नको. लिहिते.

पुन्हा साइटवर गेली, खोटं नाव टाकून दुसरी तक्रार करता येते का पाहिलं. म्हणजे गावाला म्हणता येईल, हे पाहा, कोणीतरी बाहेरचा आहे, गावातला नाहीच. अर्धा फॉर्म भरला. मग तुळशीरामभाऊंच्या बायकोचं पातेलं दिसलं आणि बंद केलं. पण भरला होता, अर्धा भरला होता. राऊतभाऊ म्हणाले, बरं नाही काय वं? सुट्टी घे.

३० मे

बं. पुन्हा आला. धान संशोधन केंद्रावर रोजंदारी विचारायला आला होता, नाही लागली. सेंटरच्या दारातच उभा.

"नेट चालू झालं काय?"

"नाही अजून."

त्यानं मान हलवली. पायरीवर बसून बिडी पेटवली, मग म्हणाला, "मी काल चंद्रपूरले गेलतो. मावसभावाकडं. तिथी चालते नेट."

पुढं काही बोलेल म्हणून थांबली. तो रस्त्यावरच्या गाड्या पाहत होता.

"मंग?" म्हटलं मी शेवटी.

"मंग काई नाई. सात तारखेले ग्रामसभा आहे. दहा वाजता. मी येतो तुले घ्याले फाट्यावर, भावाची गाडी आणतो. सरपंचबाईनं सांगतलं."

पाहिलं त्यानं की नाही पाहिलं? पाहिलं असेल तर गावात आतापर्यंत बोंब झाली असती. त्याची नोकरी गेली, मला शिव्या घालायचा त्याचा हक्क आहे. नसेल पाहिलं तर चंद्रपूरचं सांगितलं कशाला?

मी याला दुसऱ्या खेपेचा बारावी पास म्हणून हिणवत होती. ह्याच वहीत.

६ जून

संध्याकाळी आईचा फोन. तुळशीरामभाऊ गाव सोडून चामोर्शीला मेव्हण्याकडे राहायला चालले म्हणे, बिऱ्हाड बांधून राहिले. उद्याची सभा झाली की निघणार. सभेला बसणार मात्र. "कोणाचं नाव निंगते ते पाहून जातो" म्हणाले.

"पाह्य, भेव नाई त्याले," आई म्हणाली. मग हळूच, "वैशू, तोच आहे ना?"

मी म्हटलं, "उद्या सांगते."

"मी नवं लुगडं नेसून येतो. पुढच्या रांगेत बसतो. तू उभी राह्यली का मले दिसली पाह्यजे."

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ सेंटरच्या फोनपाशीच उभी. गिऱ्हाईक काउंटर वाजवत होतं.

७ जून, रविवार. फाट्यावर

बसमधून उतरली. बं. अजून यायचा आहे. दगडावर बसून लिहिते, अक्षर वाकडं येऊन राहिलं.

आभाळ भरून आलं आहे. पाऊस आठ दिवसांवर. तलाव अर्धा खोदलेला तसाच.

आई पुढच्या रांगेत असणार, नव्या लुगड्यात. मामा कुठं बसतील? मामी त्यांना नेहमी उजव्या कडेला जागा धरते, चांगला डावा डोळा सभेकडे राहावा म्हणून. माझ्याकडे तोच डोळा असेल. तुळशीरामभाऊंची बायको मागं, भिंतीला टेकून.

काय म्हणायचं? शासनाच्या पैशाची लूट हे वाक्य एका झटक्यात जमलं होतं. हे जमतच नाही. मी केली. दोनच शब्द आहेत. सकाळपासून तोंडातल्या तोंडात म्हणून पाहते, दुसरा शब्द आला की आवाज जातो. आई तोंडात शेण घालेल म्हणाली. घालू दे. पण ती घालणार नाही, मला माहीत आहे. ती फक्त माझ्याकडे पाहील, आणि तेच मला नको आहे.

परतीची बस साडेअकराला याच फाट्यावरून आहे. हेही डोक्यात आहे, खोटं काऊन लिहू.

गाडीचा आवाज. बं. आला. केस विंचरून आला आहे, इस्त्रीचा शर्ट. गाडी चालूच ठेवून माझ्याकडे पाहून राहिला. वही बंद करायची आहे.

म्हणतो, "नेट चालू झालं काय, वैशाली?"

मी म्हटलं, "झालं."